सेकंड लाईफ आणि ब्लेंडर चालेल असा ५५ हजारांतला लॅपटॉप: नाशिकमध्ये काय घ्यावं?

येवल्याची_लेक

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्रच होते, आता गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला राहते, घरूनच ब्लाउज आणि ड्रेस शिवून देते. मध्यंतरी भाचीने सेकंड लाईफ दाखवलं. माहीत नसलेल्यांसाठी: लिंडन लॅब नावाच्या अमेरिकन कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेलं आभासी जग. मारामारी नाही, लेव्हल नाही, जिंकणं-हरणं नाही. अवतार घ्यायचा, हिंडायचं, जमीन घ्यायची, घर बांधायचं, वस्तू बनवून लिंडन डॉलरमध्ये विकायच्या. तिथे सगळ्यात मोठा बाजार कपड्यांचा. नऊवारी शोधली तर जे सापडलं ते पाहून डोक्याला हात लावला. काष्टा म्हणून मागे चक्क एक बो चिकटवलेला!

तेव्हापासून डोक्यात आहे की नीट नऊवारी आणि पैठणी आपणच बनवावी. ब्लेंडर (थ्रीडी वस्तू बनवायचं सॉफ्टवेअर) व्हिडिओ पाहून शिकतेय, बऱ्यापैकी जमतंय. अडचण लॅपटॉपची. सध्याचा जुना आय३ आहे, ८ जीबी रॅम. रिकाम्या जागी चालतो, पण गर्दीच्या बाजारात गेलं की सगळे लोक करडे ढग होऊन उभे राहतात आणि पंखा असा ओरडतो की शेजारच्या खोलीतून सासूबाई विचारतात, "मिक्सर बंद राहिला का गं?"

बजेट ५५ हजार, फारच तर ६०. दुकानात "गेमसाठी हवाय" म्हटलं की रंगीत दिवे लावलेला ८५ हजारांचा दाखवतात, "गेमिंग नको" म्हटलं की कॉलेजच्या पोरांचा ३५ हजारांचा. मधलं काही आहे का?

सातपूरकर

डेस्कटॉप घ्या. विषय संपला.

बंड्या_सिडको

ताई, ५५ हजारांत खरी पैठणी येते. लॅपटॉपला वॉरंटी एक वर्षाची, पैठणी नातीपर्यंत चालते. विचार करा. (दिवे घ्या)

येवल्याची_लेक

@बंड्या, खऱ्या पैठण्या माहेरी कपाटात आहेत, त्यांचेच फोटो काढून तर टेक्स्चर (वस्तूवर चढवायचं चित्र) बनवायचंय.

@सातपूरकर, डेस्कटॉप नाही चालणार. येवल्याला ये-जा असते, तिथे विणकरांकडे बसून काठ-पदर बघत काम करायचंय. लॅपटॉपच हवा.

पंखा_फुल्ल

सेकंड लाईफवर जुना गडी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, इतर गेमचे निकष इथे लावू नका. नेहमीच्या गेममध्ये कंपनीचे कलाकार एकेक झाड, एकेक भिंत मोजूनमापून हलकी करतात. इथे सगळं लोकांनी बनवलेलं. थ्रीडी आकार छोट्या त्रिकोणांचे बनतात, तर कुणी कानातल्या एका डुलात अख्ख्या घराएवढे त्रिकोण घातलेत, कुणी नखावर भलंमोठं टेक्स्चर डकवलंय. ते सगळं तुमच्या लॅपटॉपने त्याच क्षणी उतरवून, उलगडून, रंगवून दाखवायचं. म्हणून चांगली मशिनंही इथे धापा टाकतात.

दुसरी गोष्ट, व्ह्यूअरचं (ज्या प्रोग्रॅममधून सेकंड लाईफ बघतो त्याचं) मुख्य काम अजूनही बरंचसं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतं. १२ कोअर, १६ कोअर या आकड्यांना भुलू नका. एक कोअर किती वेगवान आहे ते पाहा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: इंटरनेटवरचे जुने सल्ले वाचू नका. पूर्वी कमजोर लॅपटॉपवर "ॲडव्हान्स्ड लायटिंग" (उजेडाचं जड गणित) बंद केलं की गाडी पळायची. नव्या व्ह्यूअरमध्ये पीबीआर मटेरियल (धातू, कापड उजेडात खऱ्यासारखं दिसावं अशी पद्धत) आलं आणि तो बंद करायचा खटकाच गेला. लिंडनचा व्ह्यूअर असो की फायरस्टॉर्म हा बाहेरच्यांनी बनवलेला, आता ते कायम चालू. त्यात ग्राफिक्सची मेमरी कमी पडली तर व्ह्यूअर आपणहून टेक्स्चरचा दर्जा उतरवतो. तुम्ही जरीची बुट्टी करायला बसणार आणि समोर दिसणार धूसर पिवळा डाग. तुमच्या कामाला ते परवडणारं नाही.

तेव्हा माझं मत: वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच, त्यावर किमान ४ जीबी. रॅम १६ जीबी. एसएसडी ५१२ पुरे. बाकी सगळं नंतर.

आयटी_हमाल

पंखा_फुल्ल यांना +१. दुकानात फसायच्या जागा सांगतो.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या ७००० मालिकेत आकड्यातला तिसरा अंक बघा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. ऐकायला सख्खे भाऊ. पण ७५२० मधला २ म्हणजे झेन २, जुनं डिझाईन, चार कोअर आणि आतलं ग्राफिक्स रेडिऑन ६१०एम, अगदीच तोळामासा. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३, सहा कोअर. शिवाय ७५२०यू वाल्यात रॅम बोर्डावरच डाखलेली असते, ८ घेतली की जन्मभर ८. आणि नेमका हाच लॅपटॉप "रायझन ५, ग्राफिक्सवाला" म्हणून सर्रास पुढे करतात.

इंटेलमध्येही तसंच. आय५-१२४५०एच मध्ये एच आहे म्हणून लोक गेमिंगचा समजतात. प्रोसेसर दणकट आहे, शंका नाही. पण त्याच्या आतलं ग्राफिक्स साधं यूएचडी. सोबत वेगळं कार्ड असेल तरच घ्या.

आणि आयरिस एक्सई (इंटेलचं आतलंच, पण जरा बरं ग्राफिक्स) वाला घेतलात आणि रॅमची एकच पट्टी असेल तर विंडोज त्याला आयरिस म्हणतच नाही, नुसतं यूएचडी दाखवतं. दोन चॅनल भरले तरच पूर्ण ताकद.

पेठरोड_९८

शिंप्याकडे कापड नेलं तर तो आधी पन्हा विचारतो. इथे दुकानदार विचारतो "बजेट किती?" बस्स.

काका_पंचवटी

माझ्या प्रश्नाचा राग मानू नये. वयाने मोठा आहे म्हणून विचारतो. ५५ हजार घालून आभासी लुगडी विकायची, त्यातून खरे पैसे सुटतात का? की नुसता छंद?

येवल्याची_लेक

काका, राग कसला! आधी छंदच. लिंडन डॉलर खऱ्या डॉलरमध्ये बदलता येतात, पण दर असा आहे की एका अमेरिकन डॉलरला अडीचशेच्या आसपास लिंडन लागतात. घर चालेल असं काही डोक्यात नाही. खर्च निघाला तरी पुष्कळ झालं.

पंखा_फुल्ल

ताई, खर्चावरून आठवलं. १०२४ बाय १०२४ पर्यंतचं टेक्स्चर चढवायला १० लिंडन लागतात. दहा वेळा चुकलं की शंभर गेले. त्याला दोन उतारे. एक, "लोकल टेक्स्चर" वापरा, म्हणजे फाइल तुमच्याच डिस्कवरून अवतारावर दिसते, चढवायची गरज नाही, फोटोशॉपात सेव्ह केलं की इथे आपोआप बदलतं. दुसरा, चाचणीसाठी वेगळं जग आहे, तिथले लिंडन खोटे, हवं तेवढं चढवा.

गंमत म्हणजे त्या चाचणीच्या जगाचं नाव "अदिती" आणि मुख्य जगाचं "अग्नी". अमेरिकन कंपनीने ठेवलेली नावं आहेत.

बंड्या_सिडको

म्हणजे लॅपटॉप तापणार ते अग्नीमुळे. आता कळलं.

काका_पंचवटी

खुलाशाबद्दल आभार. माझा नातू माइनक्राफ्टवर असतो, तेही याच जातीचं काहीतरी ना? त्याने परवा मला काळाराम मंदिराचं महाद्वार बांधून दाखवलं, ठोकळ्यांचं. कळस वाकडा होता पण ओळखू आला. त्याच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर ते विनातक्रार चालतं, मग यांना एवढा खर्च का?

आयटी_हमाल

काका, माइनक्राफ्टमध्ये सगळं जग ठरावीक ठोकळ्यांचं, टेक्स्चर सोळा बाय सोळा ठिपक्यांचं. सेकंड लाईफमध्ये एका माणसाच्या एका बुटाला १०२४चं टेक्स्चर. नातवाने उद्या शेडर (उजेड-सावली खरी दाखवणारी भर) टाकले की त्याचाही लॅपटॉप रडेल, बघा. आणि तुमच्या नातवाला सांगा, जावा आवृत्तीपेक्षा बेडरॉक कमजोर मशिनवर हलकी चालते.

निफाडचा_द्राक्षवाला

एवढी चर्चा झाली पण रिफर्बिश्डचं नाव कुणी काढलं नाही, आश्चर्य आहे. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप काढून टाकतात. त्यातले डेल प्रिसिजन, एचपी झेडबुक, थिंकपॅडची पी मालिका, हे मुळात इंजिनिअर लोकांसाठी बनवलेले. क्वाड्रो टी१००० कार्ड असलेला मिळाला तर ते जवळपास जीटीएक्स १६५० च्याच ताकदीचं. स्क्रीन नव्या बजेट लॅपटॉपपेक्षा कितीतरी सरस, कीबोर्ड तर विचारूच नका. मी स्वतः तसाच वापरतो. द्राक्षाच्या हंगामात धूळ, औषध, पाऊस, सगळं खाऊन चालू आहे.

सातपूरकर

रिफर्बिश्ड म्हणजे दुसऱ्याचं दुखणं आपल्या घरी. मी एकदा घेतलाय. बॅटरी पंचेचाळीस मिनिटं चालायची. दुकानदार म्हणे, "साहेब, चार्जर लावूनच वापरतात सगळे."

निफाडचा_द्राक्षवाला

अहो सातपूरकर, बॅटरी बदलता येते. नव्या स्वस्त लॅपटॉपचं बिजागर तुटलं तर अख्खं झाकण बदलावं लागतं, त्याचं काय?

आयटी_हमाल

दोघांचंही बरोबर आहे, पण रिफर्बिश्ड घेताना दोन रेषा आखून घ्या.

एक, प्रोसेसर इंटेल आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचाच हवा. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्याहून जुन्यावर अधिकृतपणे बसत नाही. कुणी जुगाड करून बसवून देतो म्हणाला तर त्याला नमस्कार करा.

दोन, जीटीएक्स १०५०, एमएक्स १५०, क्वाड्रो पी६००, पी१००० ही पास्कल पिढीची कार्डं घेऊ नका. एनव्हिडियाने त्यांचे नेहमीचे ड्रायव्हर थांबवलेत, यापुढे फक्त सुरक्षेपुरते. टी१०००, जीटीएक्स १६५० ही पुढची ट्युरिंग पिढी, ती अजून चालू यादीत आहे.

मायलेज_किती

मॅकबुक एअर एम१ का नको? जुना मिळतो बजेटमध्ये. बॅटरी दिवसभर.

आयटी_हमाल

८ जीबी वाला मिळेल, रॅम वाढवता येत नाही. एअरला पंखाच नाही, त्यामुळे तासभर सलग रेंडर केलं की वेग उतरतो. शिवाय सेकंड लाईफ ओपनजीएलवर (चित्र काढायच्या एका जुन्या पद्धतीवर) चालतं आणि ॲपलने ओपनजीएल २०१८ मध्येच मोडीत काढलंय. चालतं, नाही असं नाही. पण ताईंच्या कामाला मी सुचवणार नाही.

मायलेज_किती

ॲपलचा द्वेष.

आयटी_हमाल

हा प्रतिसाद मॅकवरूनच टंकतोय.

बंड्या_सिडको

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

मुनिया_काठ

मी गेम-बिम खेळत नाही, पण पैठणीचा विषय निघाला म्हणून आले. ताई, तुम्ही धूपछाँव करणार आहात का? उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. हलली की रंग पालटतो. कॉम्प्युटरमध्ये ते येतं का हो? माझ्या सुनेने मोबाइलवर फोटो काढला तर त्यातही धड येत नाही, एकच रंग दिसतो.

येवल्याची_लेक

मुनियाताई, नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंत! तेच तर जमत नाहीये. माझ्याकडे आईची एक आहे, जांभळा आणि हिरवा. खिडकीशी धरली की पोपटी झाक येते, आत आणली की वांगी रंग. ब्लेंडरमध्ये येतं, सेकंड लाईफमध्ये नेलं की जातं.

पंखा_फुल्ल

जाणारच. ब्लेंडरमध्ये कडेचा रंग वेगळा करायची सोय आहे. सेकंड लाईफने पीबीआरमधलं फक्त मूळ घेतलंय: रंग, धातूपणा, खरखरीतपणा, नॉर्मल मॅप (सपाट भागावर उंचवटे भासवणारं चित्र) आणि स्वयंप्रकाश. रेशमाची ती दुरंगी झाक त्यात बसत नाही. लोक टेक्स्चरमध्येच निऱ्यांच्या कडेला दुसरा रंग रंगवून टाकतात. हलल्यावर पालटत नाही, पण उभ्या अवतारावर लांबून पटतं.

जरीचं मात्र उलट. जर म्हणजे धातूच. धातूपणाच्या नकाशात नारळीच्या टोकांना आणि मोराच्या पिसांना पांढरं भरा, बाकी रेशीम काळं ठेवा. मग अवतार दिव्याखालून गेला की फक्त काठ चमकतो, अंग नाही. पूर्वी पिवळा रंग देऊन जर म्हणायचे, आता खरी जर वाटते. आणि निऱ्या त्रिकोणांनी बांधू नका, नॉर्मल मॅपवर घ्या. नाहीतर तुमची नऊवारी नेसून दहा बायका मंगळागौरीला जमल्या तर सगळ्यांचेच लॅपटॉप झोपतील.

मुनिया_काठ

सगळं कळलं असं नाही, पण जरीचं कळलं. छान.

पेठरोड_९८

अवांतर: पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. आभासी पैठणी अमेरिकेतल्या सर्व्हरवर विणली तर ती पैठणी म्हणायची का?

निफाडचा_द्राक्षवाला

नाशिकच्या द्राक्षालाही आहे. मग मी पण गेममध्ये बाग लावतो. अवकाळीचं टेन्शन नाही, व्यापारी पळून जात नाही.

बंड्या_सिडको

आणि बेदाणा केला तर लिंडन डॉलरमध्ये विका.

सातपूरकर

धागा भरकटला. ताई, लॅपटॉप घेतला का?

येवल्याची_लेक

घेतला नाही, पण शनिवारी एम. जी. रोडला जाऊन आले. तुम्ही लिहिलेलं वहीत उतरवून नेलं होतं.

पहिल्या दुकानात तोच रायझन ५ ७५२०यू पुढे आला, अगदी हमाल साहेबांनी लिहिलं होतं तसाच. मी म्हटलं, "तिसरा अंक दोन आहे, नको." त्या मुलाने मालकाकडे पाहिलं, मालकाने माझ्याकडे. मग चहा आला! त्यानंतर जे दाखवले त्यातले दोन निवडून ठेवलेत.

अ) आय५-१२४५०एच, आरटीएक्स २०५०, रॅम ८ जीबी, ५१२ एसएसडी. बजेटच्या आत.
आ) रायझन ५ ७५३५एचएस, आरटीएक्स ३०५० ४ जीबी, रॅम १६ जीबी. ६० च्या थोडा वर.

दोन्हींचा स्क्रीन बघून मात्र मन खट्टू झालं. सोबत नेलेला पदराचा तुकडा आणि त्याचाच फोटो बाजूला धरला. राणी रंग स्क्रीनवर विटकरी दिसतोय. मुलगा म्हणे, "मॅडम, फुल एचडी आहे."

दुसरं, रॅमचे भाव काय झालेत? ८ चे १६ करायला जो आकडा सांगितला तो ऐकून मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

आयटी_हमाल

ऐकण्यात चूक नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅम कडाडली आहे. चिप बनवणाऱ्यांनी माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रुशल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँड गुंडाळत असल्याचंच जाहीर केलं. त्यामुळे "८ वाला घ्या, नंतर पट्टी टाका" हा आम्ही वर्षानुवर्षं दिलेला सल्ला सध्या बाद. आधीच १६ असलेला घ्या.

कार्डाबद्दल: २०५० नावाने जुन्या पिढीचं वाटतं, आतून ते ३०५० च्याच घराण्यातलं आहे, पण मेमरीचा रस्ता निम्मा रुंद, ६४ बिट. ३०५० ला १२८. टेक्स्चरच्या ढिगाऱ्यात हा फरक जाणवतो. मी आ घेईन. फक्त ३०५० किती वॅटचं आहे ते विचारा. एकाच नावाखाली ३५ पासून ८० वॅटपर्यंत सगळं विकतात, आणि ३५ वाल्याचा काही फायदा नाही.

निफाडचा_द्राक्षवाला

रंगासाठी सांगतोय, रिफर्बिश्ड वर्कस्टेशन बघा. अजूनही वेळ गेलेली नाही.

मुनिया_काठ

राणीचा विटकरी दिसत असेल तर मी असते तर घेतलाच नसता.

पंखा_फुल्ल

स्क्रीनचं कारण सांगतो. या किमतीत पॅनल "४५ टक्के एनटीएससी" असतो, म्हणजे एसआरजीबीच्या (स्क्रीनच्या रंगांचं नेहमीचं माप) साधारण ६०-६५ टक्के रंग. लाल-गुलाबी सगळ्यात आधी मरतात. पण त्यासाठी कार्डाचा बळी देऊ नका. घरी एखादा २२-२४ इंची आयपीएस मॉनिटर एचडीएमआयने जोडा, तो बहुतेक पूर्ण एसआरजीबी दाखवतो. रंग ठरवायचे ते मॉनिटरवर, येवल्याला नेऊन आकार, काठाची मापं, बुट्ट्यांच्या जागा करायच्या त्या लॅपटॉपवर. मॉनिटर आत्ताच हवा असंही नाही, दिवाळीत घ्या.

रिफर्बिश्डला माझा विरोध नाही, पण ब्लेंडरच्या सायकल्समध्ये (उजेड मोजणारा त्याचा भाग) बेक करायचं, म्हणजे उजेड-सावली टेक्स्चरमध्येच उतरवायची असेल तर ३०५० टी१००० च्या पुढे राहील. ताईंना ते रोजचं काम आहे.

सातपूरकर

मॉनिटर घेणारच आहात तर डेस्कटॉप...

बंड्या_सिडको

सातपूरकर, बसा खाली.

येवल्याची_लेक

वॅट कसे बघायचे? खोक्यावर तर काही लिहिलेलं नव्हतं.

आयटी_हमाल

खोक्यावर नसतात. मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बघा, "टीजीपी" म्हणून असतं. डेमो पीस असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्येही कमाल वॅट दिसतात. तिथेच उभ्या आहात तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मेमरी. खाली "स्लॉट्स यूज्ड" असं येतं. दोनपैकी दोन असेल तर उत्तम. एक असेल तर १६ ची एकच पट्टी आहे, तेही चालेल, पुढे जागा राहते.

आणि पक्कं बिल घ्या. ताई, तुमच्या शिवणकामाला जीएसटी नंबर असेल तर बिलावर टाकायला सांगा. १८ टक्के कर असतो लॅपटॉपवर, धंद्यासाठी घेतला तर त्याचं क्रेडिट मिळू शकतं, सीएला विचारून घ्या.

येवल्याची_लेक

जीएसटी नंबर नाही हो, माझा धंदा तेवढा कुठला. बाकी सगळं लिहून घेतलं. आ चे वॅट बघते, ६० च्या पुढे असतील तर तोच. कमी असतील तर निफाडच्या दादांना विचारून प्रिसिजन शोधते.

अजून एक, आधीच्यावर सगळं अडखळायचं ते नव्यावर थांबेल ना? कारण कधीकधी चालता चालता अवतार मागे ओढल्यासारखा होतो.

पंखा_फुल्ल

मागे ओढला जातो तो लॅपटॉपमुळे नाही. सर्व्हर अमेरिकेत ओरेगॉनला, ॲमेझॉनच्या क्लाउडवर आहेत. नाशिकहून तिथवर जाऊन यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतोच. कंट्रोल-शिफ्ट-१ दाबा, आकड्यांची खिडकी येते. एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) कमी असेल तर दोष लॅपटॉपचा, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) जास्त असेल तर लाइनचा किंवा अंतराचा, टाइम डायलेशन (सर्व्हर किती वेगात चाललाय) एकच्या बरंच खाली असेल तर ती जागाच गचाळलेली, तुम्ही काहीही घेतलंत तरी तिथे अडणारच. आणि वायफायऐवजी राउटरला केबल लावून एकदा बघा.

घेतल्यावर पहिल्या दिवशी एवढं करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात ग्राफिक्स, तिथे व्ह्यूअर जोडून "हाय परफॉर्मन्स" निवडा. नाहीतर नवं कार्ड झोपून राहतं आणि व्ह्यूअर आतल्या ग्राफिक्सवरच चालतो, लोक महिनोन्‌महिने तसेच वापरतात. व्ह्यूअरच्या हेल्पमध्ये अबाउट उघडलं की कोणतं कार्ड चालू आहे ते नावानिशी दिसतं. मग अँटिव्हायरसला व्ह्यूअरचा कॅश फोल्डर तपासायची बंदी करा.

बाजारात जाताना ड्रॉ डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं दाखवायचं) ६४ मीटर. अख्खा प्रदेश २५६ बाय २५६ मीटरचा असतो, एका दुकानात उभं राहून पलीकडचं टोक दिसायची गरज नाही. पूर्ण तपशिलात दिसणारे अवतार आठ-दहावर आणा. सावल्या बंद. साडीचा फोटो काढायचा तेव्हा सावल्या, प्रतिबिंबं सगळं चालू करा, काढून झालं की परत बंद. आणि एफपीएसला चाळीसची मर्यादा घाला, एप्रिलमध्ये कळेल का ते. चार्जर लावूनच चालवा, बॅटरीवर कार्ड अर्ध्या जोरातही चालत नाही.

काका_पंचवटी

ताई, घेतल्यावर कळवा. आणि एक विनंती, माझ्या नातवाला त्या दुनियेत जाता येईल का? तेरा वर्षांचा आहे.

पंखा_फुल्ल

काका, नाही. स्वतःहून खातं काढायला किमान सोळा हवेत, आणि सोळा-सतराच्यांना फक्त सर्वसाधारण भागातच सोडतात. प्रौढांचे भाग बरेच आहेत तिथे. त्याला ठोकळेच रचू द्या.

येवल्याची_लेक

वॅट कळले. दुकानातून मॉडेल नंबर मागवून साइटवर पाहिलं, ७५ आहे. "स्लॉट्स यूज्ड" पण त्या मुलाने फोटो काढून पाठवलं, दोनपैकी दोन. घासाघीस करून ६० हजारांवर आणलाय, बॅग आणि माऊस सोडून दिले तेव्हा. गुरुवारी आणते.

निफाडचा_द्राक्षवाला

अभिनंदन. माऊस सोडायला नको होता, ब्लेंडरला तीन बटणांचा लागतो.

येवल्याची_लेक

घरचा आहे, ह्यांचा. त्यांना अजून सांगितलेलं नाही.